दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हातांचे ठसे : मनगट सोडा, मांडणीकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. भांडुपला वन रूम किचनमध्ये राहतो. दिवाळीच्या सुट्टीत दोघांच्या हातांच्या ठशांपासून तोरण, शुभेच्छापत्र असं काहीतरी करायचं आहे आणि रत्नागिरीला आजी-आजोबांनाही पाठवायचं आहे. गणपतीत करून पाहिलं तेव्हा ठसे फिसकटले, तळहाताच्या मधोमध पांढरा खळगा राहिला, मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं आणि धाकट्याने मूठ उघडलीच नाही. रंग कोणते घ्यावेत, करावं कसं, आणि या वयात काय काय जमेल?

मुंबईतल्या बालवाडीत लहान मुलांबरोबर काम करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं, त्या जोरावर सांगते. तुमच्या चार अडचणींपैकी तिघींचं मूळ एकच आहे : आपण मुलाचं मनगट धरतो. हाताला ब्रशने रंग फासतो, मनगट पकडून तळवा कागदावर दाबतो आणि वर "हलू नकोस" म्हणतो. मनगट धरलं की मूल हात मागे खेचणारच. खेचलं की ठसा फिसकटतो, आपला आवाज चढतो, मूल रडतं. धाकट्याची मिटलेली मूठही त्यातलीच. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं : मुलाचा हात धरायचाच नाही. मुलाला एकट्याने रंगात हात ठेवता येईल, एकट्याने कागदावर ठेवता येईल आणि एकट्याने उचलता येईल अशी मांडणी आधी करायची. मेहनत तिथे घ्यायची. एकदा मूल बसलं की आपण हात मागे घ्यायचे.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आणि १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला त्यांच्याबरोबर राबलेल्या अनुताई वाघांनी आपल्याकडच्या बालशिक्षणाला हीच दिशा दिली. मुलाच्या भोवतालात जे सहज मिळतं, शंखशिंपले, बिया, पानं, खडे, त्यांतूनच साधनं करायची आणि ती मुलाच्या हातात द्यायची. ठशांच्या कामाला हे तंतोतंत लागू पडतं. बाजारातला महागडा संच आणायची काही गरज नाही.

आता जागा. वन रूम किचनमध्ये सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोरी किंवा तिच्या शेजारची फरशी. टेबल-खुर्ची नको. मूल उकिडवं किंवा मांडी घालून जमिनीवर बसलं की त्याच्या खांद्याचा भार आपोआप तळहातावर येतो आणि ठसा पूर्ण उमटतो. टेबलावर खांदा वर उचलला जातो, त्यामुळे फक्त बोटांची टोकं टेकतात. चाळीत राहणाऱ्यांनी गॅलरी वापरली तरी चालते, मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "अरे वा, काय करतोस" म्हणून मुलाला घेरलं की काम संपलं. वेळ सकाळी नाश्त्यानंतरची, अंघोळीच्या आधीची. जुना बनियन घालून बसवायचं, झालं की थेट अंघोळ. अभ्यंगस्नानाच्या पहाटेनंतर मात्र हा उद्योग काढू नका. त्या दिवशी मुलं लवकर उठलेली, पेंगुळलेली आणि नव्या कपड्यांत असतात. वसुबारसेच्या आधीचे मोकळे दिवस उत्तम.

तळहाताच्या मध्ये जो खळगा राहतो, त्याचं कारण साधं आहे. तळवा सपाट नसतो, मधे खोलगट असतो. कडक फरशीवर कागद ठेवला की मधला भाग कागदाला टेकतच नाही. आपण वरून दाबतो, तेव्हा बोटं पसरतात आणि कडा फिसकटतात, पण खळगा तसाच राहतो. उपाय कागदाखाली आहे. जुना टॉवेल चार पदरी घडी करून पसरा, नाहीतर वर्तमानपत्राचे पंधरा-वीस कागद एकावर एक ठेवा. त्यावर कागद ठेवून चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के करा. खालचं मऊ असलं की कागद तळव्याच्या खोलगट भागापर्यंत वर येतो. कोपरे चिकटवले नाहीत तर हाताबरोबर कागदही वर उचलला जातो, आणि निम्मे ठसे बिघडतात ते त्या क्षणी. हात उचलताना मुलीला सांगायचं, "आधी मनगट उचल, मग बोटं." साडेतीन वर्षांच्या मुलीला हे एकदा करून दाखवलं की कळतं.

ब्रश बाजूला ठेवा. जुन्या सुती टी-शर्टचा तुकडा चौपदरी घडी करा, ओला करून घट्ट पिळा आणि स्टीलच्या ताटलीत पसरा. त्यावर दोन चमचे रंग ओतून चमच्याच्या पाठीने सारखा करा. झालं, पोस्टातल्या शिक्क्याच्या पॅडसारखं पॅड तयार. मूल त्यावर स्वतः हात टेकवतं, रंग सगळीकडे सारखा आणि पातळ लागतो, बोटांच्या बेचक्यांत साचत नाही. ब्रशने हात रंगवला की बऱ्याच मुलांना गुदगुल्या होतात किंवा किळस येते, मूठ मिटते आणि रंग आत घट्ट बसतो. पॅडवर यातलं काही होत नाही. रंग पळीवाढा हवा. पहिला ठसा नेहमी वर्तमानपत्रावर घ्या, कारण त्यात जास्तीचा रंग निघून जातो. दुसरा आणि तिसरा ठसा सगळ्यात स्वच्छ येतो, हातावरच्या रेघासुद्धा दिसतात. एका बैठकीला एकच रंग, फार तर दोन, आणि मधे हात धुवायचा. तीन-चार रंग मांडले की पाच मिनिटांत सगळ्याचा मातकट चिखल होतो.

मुंबईच्या हवेचाही विचार करावा लागतो. गणपतीत तुम्ही केलंत तेव्हा पावसाळा होता. त्या दमट हवेत ठसे तासन् तास ओले राहतात, कागद एकमेकांवर ठेवले की चिकटतात आणि नुसत्या हाताच्या ओझरत्या स्पर्शानेही पुसले जातात. दिवाळीच्या सुमाराला उलटं होतं. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसलात तर रंग हातावरच वाळतो आणि कागदावर काहीच उमटत नाही. ठसे घेताना पंखा बंद ठेवा, सुकवताना लावा. पॅडवर मधून मधून चार थेंब पाणी शिंपडा.

रंगांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे पालक अनवधानाने चुकीच्या गोष्टी वापरतात.

साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी मुलांचे म्हणून विकले जाणारे फिंगर पेंट घ्या. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी आयएस ९८७३ हे भारतीय मानक आहे आणि त्याचा सातवा भाग खास फिंगर पेंटसाठी आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा डबीवर ते चिन्ह पाहून घ्या. मुलांचे पाण्यात धुतले जाणारे पोस्टर कलरही थोड्या वेळासाठी चालतात, पण डबीवर बिनविषारी असं लिहिलेलं असावं आणि काम झाल्यावर हात लगेच धुवावेत. ॲक्रिलिक, ऑइल पेंट, कापडावरचे रंग आणि घराला लावायचे रंग तळहाताला लावू नका. ते निघावेत म्हणून मग रॉकेल किंवा थिनर चोळला जातो, आणि तो रंगापेक्षा वाईट.

धाकटा सव्वा वर्षाचा आहे म्हणजे हात तोंडात जाणार हे धरूनच चाला. त्याच्यासाठी घरी रंग करा. अर्धी वाटी कॉर्नफ्लोर थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, बाकीचं पाणी धरून एकूण दोन-अडीच वाट्या होऊ द्या, मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर वाट्यांत वाटून खाण्याचा रंग घाला. बिटाचा रस, पालकाचं पाणीही चालतं, फक्त ते फिकट उतरतं आणि काही दिवसांत तपकिरी पडतं. हा रंग मुंबईच्या हवेत बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबतो. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. आणि पिठाच्या रंगाचे ठसे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावू नका, झुरळं येऊन कुरतडतात.

हळद वापरू का, असं बऱ्याच आया विचारतात. चालते, रंगही सुंदर येतो. पण फरशीवर, बनियनवर आणि नखांत डाग राहतो, आणि उन्हात हळदीचा रंग उडतो. दारावर लावायच्या वस्तूला हळद नको, आत ठेवायच्या कागदाला चालेल. गेरू मात्र पक्का. तो मुळात लोहाचा ऑक्साइड असलेली माती आहे, ऊन लागून फिका पडत नाही. पुठ्ठ्यावर गेरूचा हात फिरवून तो वाळू द्या आणि त्यावर तांदळाच्या बारीक पिठाच्या, चमचाभर खळ घातलेल्या पांढऱ्या रंगाने ठसा घ्या. डहाणू-पालघरच्या आणि आपल्या आरेतल्या पाड्यांवरच्या वारली चित्रांमध्ये हीच रंगांची जोडी असते. ओला असताना ठसा पुसट दिसतो आणि सुकत जाईल तसा पांढराशुभ्र होतो. मुलांना ते होताना पाहायला फार आवडतं, त्यामुळे लगेच उचलून वाळत टाकू नका. समोरच राहू द्या.

शेंदूर मुलांच्या हाताला अजिबात लावू नका. खरा शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. बाजारातल्या सुट्या कुंकवात काय मिसळलंय हे आपल्याला समजत नाही, म्हणून तेही नको. लग्नात, सणात भिंतीवर कुंकवाचे थापे उमटवायची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. मुलांचे थापे घ्यायचे असतील तर गेरूने घ्या, रंग जवळपास तसाच दिसतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती फुंकली की श्वासात जाते आणि ओल्या हाताला लागली की डोळ्यांत जाते. चमकी, टिकल्या, मणी धाकटा रांगत येऊन तोंडात घालेल, म्हणून ते सामान या वर्षी घरात काढूच नका.

आता धाकट्याची मूठ. जन्मल्यापासून पाच-सहा महिन्यांपर्यंत तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप मिटते, ती उपजत क्रिया असते. सव्वा वर्षाच्या बाळात ती राहिलेली नसते. तुमचा मुलगा मूठ मिटतो कारण रंग गार आणि बुळबुळीत लागतो, आणि कुणीतरी बोटं उघडायला बघत असतं. त्याच्यासाठी कागद सपाट ठेवूच नका. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला कागद गुंडाळा आणि चिकटवा. त्याचा हात पॅडवर खेळू द्या, मग बाटली पुढे करा. बाळं बाटली दिसली की पंजा उघडून ती पकडतात. त्याने पकडली, सोडली, की कागद उलगडून बघा : चार बोटं आणि अंगठा, सगळं नीट. ज्या मुलांची बोटं आजारामुळे किंवा स्नायूंच्या ताठरपणामुळे पूर्ण उघडत नाहीत त्यांच्यासाठीही मी हेच करते, फक्त बाटलीच्या जागी त्यांच्या मुठीत मावेल अशी जाडीची वस्तू घेते. आणखी एक बारीक गोष्ट : बाळाला तेल लावून मालिश होत असेल तर आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. तेलकट तळव्यावर पाण्याचा रंग थेंब थेंब होऊन सरकतो, आणि आपल्याला वाटतं रंगच खराब. हातांऐवजी पावलाचा ठसा घेतलात तर तो झोपेतही मिळतो, फक्त त्यासाठी रंग कोमट ठेवा.

मुलगी का रडली ते मला इथून सांगता येणार नाही, पण दोन शक्यता सांगते. काही मुलांना चिकट, ओलं काही हाताला लागलेलं खरोखर सहन होत नाही. तो हट्ट नसतो. अशा मुलांना आधी भेंडी द्यावी. देठाकडून कापलेली भेंडी रंगात बुडवून टेकवली की फूल उमटतं, आणि हाताला फारसं काही लागत नाही. मग एका बोटाचा ठसा, मग दोन बोटांचा. ओलं फडकं मांडीशी ठेवा आणि हवं तेव्हा हात पुसायची मुभा द्या. पुसायला मिळतंय एवढं कळलं की मुलं बरंच सहन करतात. त्या दिवशी नाहीच म्हणाली तर पेन्सिलीने हाताभोवती रेघ मारून तो आकार कापा, तोरण त्याचंही होतं. दुसरी शक्यता : तिला जे करायचं होतं ते आपण करू दिलं नाही. एक मुलगा मला नेहमी आठवतो. एकाच जागी हात ठेवायचा, उचलायचा, बघायचा, पुन्हा तिथेच ठेवायचा. कागदावर हाताचा आकारच उरला नाही, नुसता गडद हिरवा डाग. आपल्याला वाटतं कागद वाया गेला. तो मात्र दर वेळी वाकून बघत होता की हात टेकला की खालचा रंग बाजूला सरतो आणि उचलला की चिकटून वर येतो. त्याला मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. तो भरपूर खेळला, आणि मग तोरणाची पानं त्याने शांतपणे करून दिली. म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं "तोरणासाठी" नाही. नुसते ठसे. साडेतीन वर्षांचं मूल एका जागी पंधरा-वीस मिनिटं बसलं तरी पुष्कळ आहे, त्यातली दहा त्याची.

करायचं काय, तर दिवाळीसाठी तोरण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात देखणं. बोटं एकमेकांना चिकटवून, अंगठा आत घेऊन हिरव्या रंगाचा ठसा घेतला की लांबट पान उमटतं. साडेतीन वर्षांच्या मुलाचा पंजा साधारण ११ सेंटीमीटर लांब असतो. पानं उभी लावली की तीन फुटी दाराला नऊ-दहा पुरतात, मधे झेंडू. झेंडूसाठी नारिंगी रंगात पाचही बोटांची टोकं एकत्र करून गोल गोल टेकवायची. हे काम धाकटासुद्धा करेल, गोल नाही झालं तरी झेंडूच दिसतो. सुकल्यावर पानं तुम्ही कापा, सुतळीवर चिकटवताना कोणतं कुठे ते मुलगी सांगेल. जाड कागद २०० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) आसपासचा घ्या, नाहीतर पानं दुसऱ्या दिवशी गुंडाळून येतात. अब्दुल रहमान स्ट्रीटला कार्डशीट घाऊक मिळतात, पण दहा पानांसाठी तिथवर जाऊ नका. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात दोन शीट मिळतील, किंवा शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घ्या.

लक्ष्मीची पावलं तर मुठीनेच होतात, आणि ही गंमत मला स्वतःला सगळ्यात आवडते. मूठ मिटून करंगळीकडची बाजू तांदळाच्या पिठाच्या रंगात टेकवायची आणि कागदावर उमटवायची. मनगटाकडची बाजू टाच होते, पुढची रुंद बाजू चवडा. उजव्या मुठीचं उजवं पाऊल, डाव्या मुठीचं डावं. मग अंगठ्याच्या टोकाने पायाचा अंगठा, आणि बाकीच्या बोटांचे चार ठिपके करंगळीने. अंगठा कोणत्या बाजूला येतो हे मुलीला आधी स्वतःच्या पायाकडे बघून ठरवू द्या. तिने चुकीच्या बाजूला काढला तर राहू द्या. जिच्या मुठीची पावलं तिच्याच दारात उमटलेली असतील ती दिवाळीभर येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवते. फरशीवर थेट उमटवलीत तर वाळल्यावर ओल्या फडक्याने पुसली जातात, म्हणून घर भाड्याचं असलं तरी काळजी नको.

पणतीसाठी दोन्ही हातांचे तळवे मनगटाशी जोडून, बोटं वर आणि बाहेर झुकवून ठसा घ्या. ओंजळीचा आकार येतो. वर पिवळ्या अंगठ्याची ज्योत. याला दोन हात एकाच वेळी लागतात, त्यामुळे पॅड मोठं करा.

हत्तीचं मात्र नवरात्रातच केलेलं बरं. भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात ना, तो हातानेच होतो. राखाडी किंवा काळ्या रंगाचा ठसा घेऊन कागद उलटा फिरवला की चार बोटांचे चार पाय आणि बाजूला गेलेला अंगठा म्हणजे सोंड. कागद फिरवण्याआधी मुलीला काही सांगू नका. फिरवा आणि थांबा. तीच ओरडून सांगते.

कंदील तयार आणला असेल, अगदी माहीमच्या कंदील गल्लीतला असला, तरी त्याच्या शेपट्या काढून घरच्या लावता येतात. पतंगी कागदावर दोघांच्या हातांची रेघ मारून कापा आणि एकाखाली एक चिकटवून झिरमिळ्या करा. आत एलईडी दिवाच लावा. कागदाच्या कंदिलात पणती नको.

आणि किल्ला करणार असाल तर, सोसायटीच्या आवारात असो की गॅलरीतल्या परातीत, मुलांच्या हातांसाठी त्याहून चांगलं काही नाही. किल्ल्याच्या उतारावर ओली माती थापून गुळगुळीत करा, मुलीला तिचा पंजा पक्का रोवायला सांगा आणि त्या खळग्यात अळीव पेरा. दाट पेरा, माती पातळ भुरभुरा आणि दिवसातून दोनदा नुसतं शिंपडा, ओतू नका. दोन-चार दिवसांत अळीव तरारतो आणि हाताच्या आकाराची हिरवळ उगवते. शेजारी धाकट्याचाही पंजा असू द्या. रंग नाही, डाग नाही, रडारड नाही. तुमच्या घरी सुरुवात यानेच करावी असं मी म्हणेन.

नाताळच्या सुट्टीत हिरव्या ठशांचं झाड करता येतं : बोटं खाली झुकतील असे ठसे, तळाला चार, वर तीन, दोन, एक. गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा वसईला कुणी ओळखीचं असेल तर द्यायला छान. रीत तीच, वेगळं काही नाही.

मोठ्यांनी किती हात लावायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. ठशाला डोळे, सोंड, काठ, नक्षी काढायची आपल्याला फार हौस असते. मुलीने ठसा केला आणि त्यावर आपण दहा मिनिटं काळ्या पेनने काम करत बसलो की तो कागद आपला होतो, आणि मुलांना ते बरोबर कळतं. आधी विचारा, "हे काय दिसतंय?" ती हत्ती म्हणाली तर हत्ती, लोकल म्हणाली तर लोकल. ती म्हणेल ते मागच्या बाजूला तिच्याच शब्दांत लिहा, खाली तिचं नाव आणि तारीख. तिने सांगितलं तरच डोळा काढा, आणि कुठे ते तिला बोटाने दाखवायला लावा.

आठवण म्हणून हाताचा साचा घ्यायची टूम हल्ली बरीच आहे. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुलाचा हात कधीही रोवू देऊ नका. घट्ट होताना ते तापतं, जाड थरात ६० अंश सेल्सियसपर्यंत, आणि एकदा आवळलं की हात निघत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या मुलीने असे हात घातले आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. साचा हवाच असेल तर शाडूची माती घ्या. पोळीपेक्षा जाड, बोटभर उंचीची वडी थापा, मुलाने पंजा दाबून लगेच काढायचा, आणि सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलीत तर तडकते. मीठ घालून मळलेल्या मैद्याच्या वड्या मुंबईत टिकत नाहीत, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पहिल्या पावसात त्या लिबलिबीत होतात. शिवाय ते कच्चं पीठ खारट असतं, आणि बाळाने त्यातलं बरंच खाल्लं तर शरीरातलं मीठ धोकादायक वाढतं. तुमच्या घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे, तेव्हा तो प्रकार टाळाच.

रत्नागिरीला पाठवायच्या कार्डासाठी ए-फोर कागद दोनदा दुमडा. चौथा हिस्सा १०.५ बाय १४.८ सेंटीमीटर होतो आणि मुलीचा पंजा त्यात बरोबर बसतो. धाकट्याचा ठसा वेगळ्या कागदावर, बाटलीवरच, घ्या आणि नंतर कापून आत चिकटवा. एकाच कागदावर दोघांना एकाच वेळी बसवू नका. ठसा एक पूर्ण दिवस सुकू द्या, वर बटर पेपरचा किंवा वहीच्या कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, मगच लिफाफ्यात घाला. पिठाच्या रंगाचा ठसा पोस्टाने नको, घडीवर पोपडा उडतो. आजीकडे जाणारा ठसा फिंगर पेंटचाच करा. आणि आठवडाभर आधी टाका, दिवाळीच्या तोंडावर टपालाला गर्दी असते.